झाकीवरची गाडी कोणाची?

१२ जानेवारी
काम आलं! सव्वीस जानेवारीच्या झाकीसाठी शाळेले सैन्याची चिलखती गाडी पायजे. पत्र्याची, ट्रॉलीवर मावन एवढी. शाळा समितीचे अध्यक्ष दौलतराव सोता मालेगावात आमच्या दुकानावर आले. मी वेल्डिंग करतो, तय्यब रंगाचं पाहतो. माह्या लग्नाच्या आधीपासून दुकान दोघायचं भागीत आहे.

१५ जानेवारी
सांगाडा उभा झाला. आठ चाकं! दिवस त्यातच गेला.
माही पोट्टी निकिता खऱ्या गाडीचा फोटो पाहून म्हणे, "बाबा, ही गाडी आपण अन् बाहेरच्या देशानं मिळून बनवली." इंजिन त्यायचं, चिलखत आपलं, नकाशा दोघायचा. मंग गाडी कोणाची म्हणाची? डोक्याले भुंगा लागला.

१७ जानेवारी
चहाच्या टपरीवर हाच इषय. गोविंदसिंग म्हणे, "ज्याचं इंजिन त्याची गाडी." दुसरा म्हणे, "ज्याच्या जमिनीवर बनली त्याची." तिसरा म्हणे, "जो चालवन त्याची." ज्याचं ऐकावं त्याचंच पटते — थेच त पंचाईत!

१८ जानेवारी
ठरवलं. दोन्ही देशायचे झेंडे काढाचे. ज्यानं मेहनत केली त्याचं नाव नको का?
तय्यब म्हणे, "मी तिरंगाच काढीन."
"काहून बे?"
"दुसरा तुले काढाचा असन त तू काढ. मले त्याले हात लावाले सांगू नको."
असा कधी बोलत नाई तो! माही सटकली. म्हटलं, "दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवाचं का? बेइमानी आहे ही!" तो ब्रश धुवाले गेला.

१९ जानेवारी
बोलणं बंद. तो रंग मारून राह्यला, मी नट आवळून राह्यलो. एवढ्याशा झेंड्यासाठी? काही समजत नाई.

२१ जानेवारी
दुसरा झेंडा मीच काढला. वाकडातिकडा झाला, पण झाला.
दौलतराव आले. पाह्यलं अन् मले बाजूले घेतलं. "हे तय्यबच्या डोक्यातलं काय? त्याले बाहेरचे झेंडे कायले पायजेत?"
"माह्या डोक्यातलं आहे! मीच काढला!"
"तुह्या? मंग ठीक आहे. पण पुसून टाक."
मंग ठीक?! माह्या डोक्यातलं असलं त ठीक?
तय्यब चार हातांवर होता. सगळं ऐकू गेलं असन. मान खाली घालून चाकाले रंग देत राह्यला. तो काहून नाई म्हणे, हे आता समजलं. समजलं अन् गोंधळ अजूनच वाढला — दौलतरावच्या बोलण्याचा राग तय्यबले यावा का मले? मलेच आला. झेंडा मात्र पुसला.

२३ जानेवारी
तय्यबनं चाय मागवली. म्हणे, "सोड ना इंद्रभान. गाडी चांगली दिसली म्हणजे झालं." पुन्हा बोलाले लागलो. लय बरं वाटलं. गाडी कोणाची ते काही ठरलं नाई.

२६ जानेवारी
झाकीले पयला नंबर! दौलतरावनं माइकवर नाव पुकारलं — इंद्रभान. एकच नाव, एकच शाल, एकच नारळ. खाली तय्यब सगळ्यायच्या आधी टाळ्या वाजवाले लागला. मी स्टेजवर गेलो. शाल अंगावर घेतली.