नकाशातली जाडी

मंगळवार, ४ मार्च

दुपारी दुसऱ्याच कामासाठी जुनी फाइल उघडली आणि दिसलं — भावोजी ज्याच्या इंजिनवर आहेत त्या जहाजाच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये डेकच्या पत्र्याची जाडी चौदा मिलिमीटर. बांधतानाच्या नकाशातली. वीस वर्षं गंजलेल्या पत्र्याची नव्हे! मोजणीवाल्याने जहाजावर चढून आणलेला कागद माझ्याच खणात आहे: दहा, साडेदहा.

आमच्याकडे सगळेच त्याच नकाशावर बांधलेल्या जुळ्या जहाजाचं जुनं मॉडेल उचलतात नि आकडे बदलतात. तळाचे बदलले, बाजूंचे बदलले. मग जेवायला उठले असेन. डेक राहिलाच. जहाज मजबूत असल्याच्या दाखल्याखाली सही माझी. जहाज शनिवारीच निघालं.

बुधवार, ५

खरे आकडे घालून मॉडेल पुन्हा चालवलं. आधी सगळं निळं, म्हणजे सुरक्षित होतं. आज मालाच्या कोठाराच्या तोंडाशी, कोपऱ्यात, लालभडक. एरवी तगेल. सात मीटरच्या लाटेत — नाही. येत्या शनिवारी त्यांच्या वाटेवर सातच्याच लाटा सांगितल्यात.

ताईचा फोन. "आवाज असा का गं तुझा?" म्हटलं, सर्दी. खोटारडी मी. ती हसत म्हणाली, "तुझे भावोजी सगळ्यांना सांगत सुटलेत, माझ्या मेहुणीनं पास केलंय जहाज, बिनघोर झोपा."

गुरुवार, ६

साहेबांकडे जायला तीनदा उठले, तीनदा बसले. नोकरी जाईल. शेवटी गेलेच. साहेब आधी म्हणाले, "हिशेबात थोडी मोकळीक ठेवलेलीच असते, जीव का टांगणीला लावतेस?" मग लाल कोपरा पाहिला नि चष्मा काढला. लगेच फोन उचलला.

जहाज जवळच्या बंदराकडे वळवलंय. अजून तीस तास.

शुक्रवार, ७

वारा वाढलाय. भावोजींचा फोन लागत नाही. ताईला सगळं सांगून टाकलं. तिने फोन ठेवून दिला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवार, ८

पोचले. सगळे सुखरूप. मी ऑफिसातच रडले.

सोमवार, १०

तपासणीचा कागद आला. तडा आहे, हातभर लांब. पण मी सांगितलेल्या कोपऱ्यात नाही. तळाला — जिथे आकडे खरेच घातले होते आणि माझं मॉडेल आजही निळं दाखवतंय. जुळ्या जहाजाच्या त्याच जुन्या मॉडेलवरून मी पास केलेली आणखी तीन जहाजं समुद्रात आहेत.