पाचव्या दिवशीचा पहिला मणी

माय,

लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले, कारण तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे पत्र मलाच तुझ्यापुढे बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि अर्ध्यावरच तू म्हणाली असतीस, "बस झालं वं, मले कामं हायेत." माझं वय आता तुझ्या दुपटीच्याही पुढे गेलं. तुझा चेहरा आठवते तर एक तरुण बाई समोर येते आणि मला म्हातारीला तिला माय म्हणताना अवघडल्यासारखं होतं. तरी म्हणते. इतक्या वर्षांत ही हाक दुसऱ्या कुणाला मारता आली नाही, आणि मारायची तर फार होती.

नर्सबाई आल्या तो दिवस मला अख्खा आठवतो. मी अकरा वर्षांची. वाशीमहून त्या बैलगाडीने यायच्या आणि शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसायच्या. तू मला सोबत नेलंस, पोरीला काय कळतं म्हणून. मला बरंच कळत होतं. आदल्या वर्षी तुझं पाचवं बाळंतपण झालं, बाळ गेलं, तूही जाता जाता राहिलीस, आणि सुईणीने बाबांना दारातच बजावलं होतं, "आता बस करा. पुढच्या खेपेले हे बाई हाती लागनार नाई." मी दाराच्या मागेच उभी होते. त्या दिवसापासून तू विहिरीवर गेलीस तरी मी तुझ्या मागे मागे यायची आणि तू वैतागायचीस.

बाईंनी एकेक वस्तू पुढे मांडली. आत बसवायची रबराची एक टोपी होती, ती अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंकडून मापाने घ्यायची आणि दर वेळी धुऊन, पुसून जपून ठेवायची. तू विचारलंस, "अन् धुवाची कुठी, बाई? आमची न्हानी म्हंजे चार तुराट्यायचा आडोसा. उद्या साऱ्या गावाले मालूम होईन." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. फेसाच्या गोळ्या होत्या, पण त्या संपल्या की पुन्हा विकत घेणं आलं, आणि कोण आणून देणार? ऑपरेशन होतं. त्याला अकोल्याला जाऊन आठवडाभर खाटेवर पडायचं होतं आणि इथे कपाशी फुटली होती. शेवटी बाईंनी पिशवीतून एक माळ काढली, हिरव्या आणि लाल मण्यांची. हिरव्या मण्याच्या दिवशी दिवस जायची भीती नाही, लाल मण्याच्या दिवशी नवऱ्यापासून दूर राहायचं. पाळी आली की पहिल्या मण्यापासून सुरुवात करायची आणि रोज एक मणी पुढे सरकवायचा. पैसा नाही, धुणं नाही, दवाखाना नाही. तुझा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मायने कुंभमेळा पाहिला. "विसरू नका हं," बाई म्हणाल्या. तू म्हणालीस, "इसरन कशी? लग्न झाल्यापासून देवाचा दिवा एक रोज इसरली नाई म्या."

घरी आल्यावर माळ कुठे ठेवायची हा प्रश्नच तुला पडला नाही. माळ ती माळ. देवाच्या फळीशेजारी खिळा ठोकलास आणि तिथे अडकवलीस. सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून तू आधी दिवा लावायचीस, मग मणी सरकवायचीस. एकदा मी ती गळ्यात घालून आरशात बघत होते तर मागून धपाटा बसला. "ठेव थे! बिनआंघोळीची माळेले हात लावून राह्यली?" मला इतकं लागलं नव्हतं तितकी मी रडले. दुपारी तू गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवलास. माफी मागायची तुझी तेवढीच रीत होती.

बाबांची मात्र गंमत होती. शेतातून आले की पाय धुता धुता आत नजर टाकायचे आणि खाकरून विचारायचे, "काय म्हंते माळ?" तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "लाल." मग बाबा घोंगडी उचलून गोठ्याकडे निघायचे आणि बैलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "चाल बाप्पा, आपन दोघं सारखेच." तू पाठ फिरवून हसायचीस. तुझे खांदे हलायचे ते मला दिसायचं. गावात कितीतरी बाया नवऱ्याला घाबरून काही बोलायच्याच नाहीत. बाबा ऐकत होते, माय. त्यांनी कधी कुरकुर केली ती बैलांपाशी.

आणि महिन्याचे चार दिवस तू बाहेर बसायचीस. ओसरीच्या कोपऱ्यात वेगळी वाकळ, वेगळा गडू. मी चूल सांभाळायची आणि तू तिथूनच वासावर स्वयंपाक करायचीस. "उलथव भाकर, जळून राह्यली! दाळीत पानी टाक, काहून घट्ट केली?" मी तुझ्यापासून हातभर अंतरावर ताट सरकवायची. दोन्ही भाऊ लहान, त्यांना तुझ्याजवळ जायचं असायचं आणि मी ओढून आणायची. पाचव्या दिवशी तू डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचीस, घर पुन्हा घर व्हायचं, आणि तू पहिली गोष्ट करायचीस ती दिवा, आणि दुसरी, पहिला मणी.

यात काय चुकतंय ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तुला दिवस गेले. पाचवा महिना लागला तेव्हा बाई आल्या, ओट्यावर तू दिसली नाहीस म्हणून घरीच आल्या, आणि तुझ्याकडे बघून दारातच थांबल्या. त्यांना वाटलं तू माळ फेकून दिली असशील. तू त्यांना देवापाशी नेऊन खिळा दाखवलास, माळेवर धूळसुद्धा नव्हती. "एक रोज चुकली नाई, बाई. देवाशपथ." बाईंनी विचारलं, पहिला मणी कधी सरकवता? "डोक्शावरून पानी घेतलं का." "म्हणजे पाचव्या दिवशी? अहो, मी पाळी आल्या दिवसापासून सांगितलं होतं." तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की जणू त्याच वेड्या आहेत. "बाई, इटाळात माळेले हात लावते काय कोनी?"

बाईंनी त्या खिळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. माळ घरात कुठे ठेवाल हे मी विचारलंच नाही." चार दिवसांचा फरक. हिरवा समजून काढलेले चार दिवस नेमके लालमधले होते. तुला हे समजायला क्षण गेला आणि मग तू जे केलंस ते मी विसरलेली नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी चुलीपाशी होते. ते चारही दिवस मी आंघोळ करून घरात वावरत होते, देवाला फूल वाहत होते, माझा हात त्या खिळ्याला पुरत होता. तू नुसतं "मणी सरकव वं" म्हटलं असतंस तर मी का म्हणून विचारलंही नसतं. पण अशी गोष्ट लेकीला सांगायची तुला लाज वाटली. मला तुझा राग येतो तो एवढ्याच गोष्टीचा, आणि तो आला की लगेच तुझी आठवण येऊन मी रडते.

पंधरा दिवस आधी तुला वाशीमला नेऊन ठेवायचं ठरलं होतं. तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. बाबांनी गाडी जुंपेपर्यंत बाळ झालं, आणि मग रक्त थांबेना. भर दुपार होती, गाडी दारात तशीच जुंपलेली. सुईणीने मला आत बोलावलं. तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हटलं, पोरगी. तू म्हणालीस, "बरं झालं. तुले सोबत झाली." मला वाटलं तू अजून काही बोलशील, म्हणून मी वाकून कान लावून बसले होते. बाबांनी येऊन मला उठवलं.

ती जगली. मी तिला शेळीच्या दुधावर वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या, तिला शिकवलं, माझ्या लग्नानंतरही दोन वर्षं ती माझ्यापाशीच होती. माझी दोन मुलं झाल्यावर मी वाशीमच्या दवाखान्यात जाऊन तांबी बसवून घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं, आता काही मोजायचं नाही, काही लक्षात ठेवायचं नाही. मला हुंदका आवरेना. त्यांना वाटलं दुखलं. मी म्हटलं हो, दुखलं.

आता ती कारंज्याला असते, तिलाही नातवंडं झाली. गेल्या आठवड्यात आली होती. आम्ही दोघी गहू निवडत बसलो होतो, आणि सुपातून मान वर न करता तिने विचारलं, "ताई, मी झालीच नसती अन् माय राह्यली असती, तं तुले बरं वाटलं असतं ना?" मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलते वं!" आणि तिच्या पाठीवर थाप मारली. ती हसली. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. कारण माय, मी ते लगेच म्हटलं नाही. आधी मी तुला पाहिलं, ओल्या केसांची, दारातून आत येताना. मग ते उत्तर दिलं. तेवढ्या वेळात तिने मूठभर गहू निवडून बाजूला केले होते.