बाजेखालची शेगडी

२५ मे १९४६, अहमदनगर

घडलं ते क्रमानं लिहिते. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

१. दया — माझी धाकटी बहीण — माहेरी बाळंत झाली. मुलगा. आठव्या महिन्यातला, ओंजळीत मावेल एवढा.
२. आमची आई नाही. म्हणून दयाची सासू, भागूबाई, बाळंतपणाला भंडारदऱ्याकडच्या डोंगरातून आल्या.
३. त्यांनी मधल्या खोलीची खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या, बाजेखाली शेगडी ठेवली. बाळाची दुपटी बाहेर वाळत घालायची नाहीत, म्हणून दोऱ्या आतच. न्हाणाचं पाणीही आतच तापे.
४. दयाला ताप चढला. थंडी शिरली, असं ठरलं. आणखी एक गोधडी.
५. बाबांची तार मला पुण्याला, हवामान वेधशाळेत कामावर असताना मिळाली. पोचले तेव्हा दया बोलत नव्हती. अंग तापलेलं आणि कोरडं, घामही आटलेला. खिडकी मी उघडली. उशीर झाला होता.
६. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतज्वर नव्हे हा. नुसती उष्णता."
७. काल दफन.

बाळ जिवंत आहे.

२६ मे

शेळीचं दूध, कापसाच्या बोळ्यानं. चार बोळे प्यायला. सगळे माझ्याकडे बघतात — ही रडत कशी नाही!

२७ मे

आज मोजलं. बाबा म्हणाले, "आता कशाला, लिडिया?" भागूबाई बाळाला घेऊन शेजारी गेल्या होत्या. खिडकी लावली, शेगडी पेटवली, पाणी तापत ठेवलं, ओली दुपटी दोरीवर टाकली. दोन तापमापक जवळ ठेवून आत बसले. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला ओली मलमल. हवा कोरडी असली की मलमलीतलं पाणी वाळतं आणि तो पारा उतरतो. घामाचंही तेच.

ओसरीत कोरडा १०५ अंश फॅरनहाइट, ओला ७०.
खोलीत कोरडा १०६, ओला ८८.

कोरड्यात एका अंशाचा फरक! कोणीही म्हणेल, आत काय अन् बाहेर काय, सारखंच. पण ओसरीत घाम आला कधी आणि वाळला कधी, कळत नव्हतं. खोलीत तो हनुवटीवरून टपकत होता आणि वाळत नव्हता. वाळला नाही तर घाम म्हणजे नुसतं पाणी, अंग निवत नाही. मी थोडा वेळ बसले. आकडे लिहिताना हात जड झाला. मी उठून बाहेर आले. दया उठू शकत नव्हती.

लहानपणी उन्हाळ्यात ती माठाला गाल लावून बसायची. आई ओरडायची — "माठ उष्टा करतेस!"

२८ मे

आकडे भागूबाईंपुढे ठेवले. ठेवायला नको होते. मग तेही बोलले, जे बोलायचं नव्हतं — "तुम्ही मारलंत तिला."

एलिया, दयाचा नवरा, भिंतीशी उभा होता. म्हणाला, "ताई, नका." एवढंच.

भागूबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडं आखाडात भिताडाला पानी सुटतं. चुलीतली राख बी ओली. शेगडी न्हाई तर बाळंतीन काकडून मरती. माझ्या दोन लेकी तशाच गेल्या, बाई. शेगडी इझली हुती." मग — "माठ इकडं आना म्हनत हुती. म्या न्हाई दिला. गार बाधंल म्हनून."

मी आत गेले. आकडे बरोबर आहेत. तरीही.

२९ मे

एलिया गावी मास्तर आहे, त्याची शाळा जूनमध्ये उघडते. बाळाला गावी नेऊ म्हणतो. मी सांगितलं — बाळ तसल्या कोंडलेल्या खोलीत, त्या हातांत जाणार नाही. इथंच राहील.

३० मे

दुपारी १०३. तिसऱ्या प्रहरी वादळ, गारा, मग ७१. महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं. खिडक्या उघड्या टाकून ओसरीत बसले. "काय सुखाची हवा!" — बाबांना म्हणालेसुद्धा.

बाळाकडे गेले तर पाय निळसर. ओठही. रडणं मांजराच्या पिलाएवढं. त्याला उचलून मी तापमापक शोधू लागले. भागूबाईंनी बाळ माझ्या हातून ओढून घेतलं — "त्या काचेच्या कांडीला काय इचारतीस? हात लावून बघ की!" दुपटं काढून उघडंच छातीशी धरलं, वरून लुगडं, गोधडी. शेगडी पेटवायला लावली, पण हातभर लांब. तासाभरात पाय गुलाबी.

सुख ७१ वर असतं ते माझ्या अंगाला. बाळाच्या अंगाला स्वतःची ऊब करता येत नाही. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं.

भागूबाई तशाच बसून. मग म्हणाल्या, "खिडकी उलीशी उघडी ऱ्हाऊ दे." माझ्याकडे बघितलं नाही.

१ जून

एलिया आणि भागूबाई निघाले. परवाच्या गारठ्यानंतर बाळ भागूबाईंकडेच द्यायचं असं मी ठरवलं होतं, म्हणून दुपटी बांधून ठेवली होती. कालपासून मनाशी तयारी केली होती. भागूबाईंनी गाठोडं परत माझ्याकडे सरकवलं. "ठिव तुझ्यापाशी. माझ्या हातानं एक गेली. आता हात लावाया भ्या वाटतं." आपली गोधडी मात्र ठेवून गेल्या. धुराचा वास येतो तिला.

टांगा वळला तेव्हा रडू आलं. फार.

२ जून

बाळ तीनच बोळे प्यायला. गोधडीत ठेवलं की झोपतं.

३ जून

आजच्या टपालानं पाठवलं. नक्कल —

"तीर्थरूप आत्याबाईंस, (दया तुम्हांला अशीच हाक मारायची.)
बाळ ठीक आहे, पण वाढत नाही. तुमच्याकडच्या पावसात त्याला पाठवायला मी भिते. इथला पाऊस थोडा. तुम्ही चार महिने इथं या. शेगडी तुम्ही बघा, खिडकी मी बघेन. मी बोलले ते आकड्यांत बसत होतं. तुमच्या हाताबद्दल ते खरं नव्हतं. माझी रजा १२ तारखेला संपते; तुम्ही येणार असाल तर ती चार महिने वाढवून घेईन. येता की नाही, ते १० जूनपर्यंत एलियाकडून लिहून कळवावं.
लिडिया"