गोणपाटाखालची ज्वारी

३ ऑक्टो.
टँकर नाही. प्रशांत मात्र आला. भाऊ गेल्यापासून भाच्याला आत्या आठवते ती काम पडले की. औरंगाबादेत ज्वारीची बिअर काढतो, थोडी थोडी, 'हातची' म्हणे. आमच्या संस्थेतल्या बायका बालवाड्यांना सत्त्व करून देतात, तशीच मोड आणून वाळवलेली ज्वारी त्याला हवी. हिवाळाभर. "आत्या, तुझ्याकडं सगळं तयार आहे." म्हटले, आहे, तुझ्यासाठी नाही. चहा विचारला नाही.

४ ऑक्टो.
प्र.चा फोन. आता त्याच्या आजोबांचा, आमच्या अण्णांचा, फोटो हवा, तिथल्या भिंतीवर लावायला. त्याच शहरात अण्णांचा शिंदीचा गुत्ता होता, निजामाच्या अमलापासून. "आपला वारसा आहे, आत्या." वारसा! बी.एस्सी.ला मुली माझ्या शेजारी बसत नसत. वह्यांना शिंदीचा वास येतो म्हणत. शिकले त्याच गुत्त्याच्या पैशावर, हे त्यांना माहीत होते, मलाही.
फोटो ट्रंकेत आहे. तिथेच राहील.

६ ऑक्टो.
संस्थेची बैठक. प्र.चा विषय दोन मिनिटांत फेटाळायचा, असे ठरवून गेले. पण सत्त्वाची मागणी यंदा निम्मी, हाताला काम नाही. अकरा जणी ऊसतोडीला निघाल्यात, मुकादमाचा ट्रक ११ तारखेला येतो. सरू उठली. "बाई, मला ऱ्हायचंय. पोरगी धाव्वीला हाय."
विचारले, गावातले दारूचे दुकान आपणच बंद पाडले ना? विसरलीस?
"तुमी पुढं व्हत्या. घरी जाऊन मार आमी खाल्ला. मी कावून इसरंन?"
बैठक तहकूब केली. पळच काढला म्हणायचा.

७ ऑक्टो.
सरूने न विचारता शेडमध्ये पोतेभर ज्वारी भिजत घातली. पिण्याच्या पाण्यात! चांगले फैलावर घेतले. "माझ्या वाट्याच्या घागरी हायत्या त्या. तुमच्या भाच्याला न्हाई दिली तं सत्त्व करू. ओरडू नगा."
अध्यक्ष मी की ती?

९ ऑक्टो.
मोड आले. गोणपाट उचलले की गोडसर, काकडीसारखा वास. सत्त्वाला तांदळाएवढा मोड पुरतो, लगेच उन्हात घालायची. प्र.ला बोटाच्या पेराएवढा हवा. म्हणजे ठरवायचे ते आजच.
"पसरू का, बाई?"
मी शाळेत शिकवायचे तशी शिकवत बसले: ज्वारीचा मोड विष धरतो, वाढला की जास्तच, वाळल्यावर चोळून चोळून काढावा लागतो, एक राहता कामा नये.
"ते चोळीन वो. पसरू का नगं?"
गोणपाट पुन्हा पांघरले. कोरडे पडत होते, म्हणून घरून तांब्याभर पाणी आणून शिंपडले. सरू बघत होती. तिला म्हटले, हसायला काय झाले?
प्र.ला काही कळवलेले नाही. ट्रक परवा.
फोटो तर मुळीच नाही.