मंगळवारी आलेले तिघे

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय आई,

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. तुझ्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले?

रविवारची माझी किक तू टीव्हीवर पाहिली असशीलच. अमेरिकन फुटबॉल न कळणाऱ्यांना बाबा सांगायचे, "चेंडू पुढे नेताना बाकीच्यांनी हात टेकले की तो किक मारून लांब धाडायची माझ्या पोराची पाळी." पाळी आली आणि एरवी चाळीस-पंचेचाळीस यार्ड जाणारा चेंडू एकवीस यार्डांवरच मैदानाबाहेर गेला.

आज क्लबने माझ्या जागेसाठी तिघांना किक मारून दाखवायला बोलावलं. किक फसली की सगळीकडे हीच रीत आहे. तिघेही ओळखीचे. त्यांतला ओडेगार्ड म्हणाला, "म्हाताऱ्या, कपाट रिकामं केलंस का? माझे बूट ओले झालेत." बाबा गेल्याचं कळल्यावर मात्र तो बराच वेळ माझा खांदा धरून उभा राहिला. मग मैदानात जाऊन त्याने माझ्यापेक्षा लांब किक मारल्या.

प्रशिक्षकांनी विचारलं, "केंट, रविवारी मान वर का केलीस?" वारा बघत होतो, म्हणालो. तुला खरं सांगतो. किक मारायला चेंडू हातातून सोडताना त्याच्यावरून नजर हलवायची नसते. मी प्रेक्षकांतल्या कोपऱ्यातल्या, तुझ्या आणि बाबांच्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

तरी क्लबने मला ठेवलं आहे, आणखी एक रविवार मिळाला आहे. सोबत त्याच दोन खुर्च्यांची तिकिटं आहेत. तुला एवढ्यात येववणार नाही, हे ठाऊक आहे. शेजारच्या हॅल्व्हरसन नवरा-बायकोला दे. त्यांना खेळातलं काही कळत नाही. तो झोपेल, ती विणत बसेल. चालेल. तिथे कुणीतरी बसलेलं असू दे.

गोळ्या चुकवू नकोस.

तुझा,
केंट