जाळी की पोटातली पट्टी

अलिझाचे अब्बा,

नमाजात सजद्याला वाकले की लघवी सुटते, वजू तुटतो, पुन्हा हातपाय धुवावे लागतात. तुम्ही होतात तोवर लाजेनं सांगितलं नाही.

सावेडीच्या डॉक्टरबाई दोन ऑपरेशनं सांगतात. लघवीच्या वाटेखाली आधाराला जाळीची पट्टी लावली तर लगेच घरी; पण ती पुढे आत टोचू शकते. माझ्याच पोटातल्या स्नायूवरच्या पडद्याची पट्टी काढून लावली तर तो धोका नाही, मात्र चीर मोठी, महिनाभर आराम, कदाचित लघवीला नळी. मी सगळं वाचलं. मला पोटातलीच पटली.

अलिझा म्हणाली, "अम्मी, तान्ह्या बाळाला घेऊन महिनाभर तुझ्याजवळ कशी राहू?"

आज नर्सनं विचारलं, "सोबत कोण राहणार?" माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. तिनं लिहूनही घेतलं.

मग मीच खोडायला लावलं. म्हटलं, जाळीच लावा.

तुमची,
शमशाद