त्या खोलीत तुम्ही काय बोललात

बाई, उद्या सकाळी समितीची बैठक आहे आणि माझ्यासमोर नव्या नियमांचा मसुदा पडला आहे. त्यातल्या एका कलमापाशी माझं घोडं अडलंय: पालकांनी मुलाला फाटकाशी सोडून परत जावे, आवारात थांबू नये. आपल्या बालवाड्यांची प्रमुख आता मी आहे, तेव्हा खाली सही माझी लागते. कलम वाईट नाही. ज्या मुलीनं ते लिहिलंय ती हुशार आहे, मुलांच्या सुरक्षिततेचा तिनं चहूबाजूंनी विचार केलाय. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "सहीचं नंतर बघू, आधी बस." म्हणून बसले, आणि कलम बाजूला ठेवून तुम्हालाच लिहायला लागले. तुम्हाला एक प्रश्न विचारायचा माझा राहून गेला होता. गोडादऱ्याच्या वस्तीतल्या त्या खोलीत तुम्ही दोन वेण्यांच्या मुलीच्या आईशी काय बोललात? तुम्ही गेल्यावर हा प्रश्न घेऊन मी इतकी वर्षं फिरले, आणि गेल्या आठवड्यात त्याचं उत्तर आपल्या पायांनी चालत माझ्या दारात आलं.

तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी नुकती पदविका घेऊन बाहेर पडलेली, वडील बँकेत, घरी सगळं इस्त्रीचं. नव्वद सालानंतरचे ते दिवस, गोडादऱ्यात नवी घरं उठत होती आणि गल्लोगल्ली यंत्रमागांची खटखट चाललेली असायची. भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढे लांब ओटला, तिथल्या बोलीतला ओटा, एवढीच आपली बालवाडी. पहिल्या दिवशी मी मुलांपुढे उभी राहून खणखणीत आवाजात गाणं म्हटलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि मग एक बुटकं लाकडी स्टूल माझ्यापुढे सरकवलंत. "आधी बस, मग बोल. तुझं तोंड त्यांना दिसतच नाहीये, नुसती हनुवटी दिसतेय." पगाराआधी मिळालेली ती माझी पहिली भेट. ते स्टूल अजून आहे, फक्त आता त्यावर बसले की उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो.

मग ती मुलगी. चार-साडेचार वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि धागे उपटण्याचा नाद. सतरंजीची कड तिनं उसवली, बाहुलीच्या झग्याची शिवण काढली, माझ्या नव्या साडीच्या पदरातून एक दोरा असा काही सफाईनं ओढला की मला घरी जाऊन कळलं. मी वैतागून तुमच्याकडे आले. तुम्ही तेव्हा शाळेमागेच राहायचात. मला आजही ते स्वयंपाकघर दिसतं, तुम्ही स्टोव्हवर गवती चहा उकळताय आणि मी दारात उभी राहून तक्रार करतेय, "बाई, अतिशय खोडकर मुलगी आहे." तुम्ही मागे न वळता विचारता, "कुठला दोरा ओढला?" मी म्हणते, लोंबत होता तो. "नीट लावलेला एक तरी ओढला का तिनं?" मी आठवून बघते. सतरंजीचीही सुटलेलीच कड होती. तुम्ही गाळणं आपटता आणि म्हणता, "मुलाला नाव ठेवायच्या आधी त्याचे हात बघायचे. तिला घरी काम आहे." मला तेव्हा राग आला होता, चहाही मी तसाच ठेवला.

पण तुमचं खरं होतं. त्या वस्तीत बापे मागावर, आणि बाया घरी साड्यांचे धागे कापायच्या. बुट्टीच्या साडीला मागच्या बाजूनं सुटे धागे लोंबतात, ते छोट्या कातरीनं बुट्टीलगत कापायचे, कापड शाबूत ठेवून. शेठकडून साड्यांचा गठ्ठा यायचा आणि कापून झाला की परत जायचा. मुलांची बोटं बारीक, नजर तेज, त्यामुळे आई हळूच एक कातर त्यांच्याही हातात द्यायची. ज्या घरी गठ्ठा मोठा, त्या घरचं मूल त्या दिवशी बालवाडीत येत नसे. हे तुम्ही एकामागून एक घरं फिरून शोधून काढलंत आणि एका सोमवारी आयांना सांगितलंत, "गठ्ठा इथं घेऊन या. ओटल्यावर बसा, सावली आहे. पण गठ्ठा उंबऱ्याच्या बाहेर आणि मूल उंबऱ्याच्या आत."

ओटला भरला. आत मुलं गाणी म्हणतायत, बाहेर साड्यांचा ढीग आणि कातरींची किचकिच. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. समितीलाही नाही. आपले अध्यक्ष निवृत्त बँक अधिकारी, सज्जन माणूस, त्यांनी खुर्चीत पुढे सरकून फार शांतपणे विचारलं, "बाई, ही मुलांची जागा आहे, कारखाना नाही. उद्या एखाद्या पोराच्या डोळ्यात कातर गेली तर जबाबदार कोण?"

तुम्ही म्हणालात, "मी."

"आणि पोरंच कापायला बसली तर?"

"तसं झालं तर मीच येऊन तुम्हाला सांगेन. पण साहेब, गठ्ठा हाकलला तर पोरगं त्याच्या मागोमाग घरी जाईल."

आणि तसं झालं. दोन वेण्यांच्या मुलीला तिच्या आईनं उंबऱ्यावरून हळूच कातर दिली, आणि तुम्ही पाहिलंत. कुठलीही आरडाओरड नाही. तुम्ही तो गठ्ठा स्वतः उचलून आईच्या डोक्यावर ठेवलात आणि म्हणालात, "हा आज घरी." आई गेली, मुलीचं बखोट धरून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही, नंतरही आली नाही. मी म्हटलं, बाई, समितीला कशाला सांगता, कुणी पाहिलंय? तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला अजून तो कोपरा आठवतो, जिथं मी उभी होते. त्याच संध्याकाळी तुम्ही अध्यक्षांच्या घरी गेलात. त्यांचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही: सोमवारपासून ओटला बंद. तुम्ही आठ दिवस मागून घेतलेत. तेवढ्यात ती मुलगी परत आली तर ओटला राहील, नाही आली तर बंद होईल आणि तुम्ही पद सोडाल. पद सोडायचं तुम्ही आपण होऊन जोडलंत, त्यांनी मागितलं नव्हतं. घरी येऊन मी आईपाशी रडले. माझी नोकरी जाणार नव्हती, पण तुमच्याशिवाय त्या खोल्यांत मला जायचंच नव्हतं.

त्या आठवड्यात एका दुपारी तुम्ही मला बरोबर घेऊन निघालात. गल्ली अशी की बाप रात्रपाळी करून दारातच झोपलेले, त्यांना ओलांडून चालायचं. कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपाशी तुम्ही मला थांबवलंत. "दोघी गेलो तर तिला वाटेल फौजदार आलेत." मी थांबले. ऊन उतरलं, टपरीवाल्यानं मला कुणाची वाट बघताय म्हणून दोनदा विचारलं, "कोणी राह जुओ छो, बेन?" तरी तुम्ही बाहेर येत नाही. आलात तेव्हा तुमच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि चेहरा लाल. मी विचारलं, काय म्हणाली? "चल." काखेत काय आहे? "चल, म्हटलं ना." मला वाटलं तिनं पापड-कुरडया दिल्या असतील आणि तुम्हाला घ्यायचा संकोच वाटला असेल. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत मुलगी ओटल्यावर हजर, मागे आई, डोक्यावर गठ्ठा. आईनं स्वतःची कातर नवऱ्याच्या जुन्या मोज्यात घालून कमरेला खोचली होती. परत तिनं ती कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. ओटला राहिला, तुम्हीही राहिलात.

आणि मग पंधरा ऑगस्टला तुम्ही गुलबक्षी साडी नेसून आलात. आम्ही सगळ्याजणी तुम्हाला करड्या आणि बदामी सुती साड्यांत पाहिलेलं. ही झगझगीत, सोनेरी बुट्ट्यांची, चालताना सळसळणारी. बालवाडीच्या सेविकेनं मला कोपरखळी मारली, मी तोंडाला पदर लावला. झेंडा वर जाताना तुमचा एक हात सारखा निऱ्यांपाशी. मी विचारलं, "बाई, नवीन?" तुम्ही म्हणालात, "का, मी नेसू नये?" तुम्ही नेसावी की, पण कुणी दिली, कुठून आली, हे गूढ आमच्या चहाच्या गप्पांना पुढची दिवाळी येईपर्यंत पुरलं.

त्या खोलीत तुम्ही काय बोललात याचं मला जबरदस्त कुतूहल होतं, आणि तुम्ही सांगत नव्हतात म्हणून मी ते रचू लागले. तुम्ही गेल्यानंतर नव्या शिक्षिकांच्या प्रशिक्षणात मी तुमचं भाषण देत आले. एका वर्षी तुम्ही त्या आईला बालपणाचं महत्त्व समजावलं होतंत. दुसऱ्या वर्षी मुलीच्या डोळ्यांची काळजी सांगितली होतीत. मध्ये एकदा कायद्याचा धाकही घातलात. दर वेळी मुली वहीत उतरवून घ्यायच्या आणि मला प्रश्न पडायचा, यातलं नक्की कुठलं लागू पडलं असेल? कारण माझ्यावर तशी वेळ आली तेव्हा मी यातलं सगळं बोलून पाहिलं, बाई. आया मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी येत नसत.

गेल्या आठवड्यात प्रवेशाच्या दिवशी एक म्हातारी बाई नातीचा हात धरून आली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. दोन वेण्यांच्या मुलीची ही आई; ती मुलगी आता सचिन गावाला असते, गिरणीत सुपरवायझर आहे, आणि ही तिची लेक आजीकडे राहते. मी फॉर्म पुढे केला, पण आजीला त्यात रस नव्हता. तिचं लक्ष दाराबाहेर. "बाई, वटला शे ना अजून? मी बठसू. पोर नवी शे, रडी." हातात कापडी पिशवी, पिशवीतून साडीची कड डोकावत होती. मला हसू आलं आणि तिथंच विचारून टाकलं: त्या दिवशी आमच्या बाई तुमच्या खोलीत आल्या होत्या, तेव्हा काय बोलल्या हो?

"काय बोलतीन? काहीच नही बोलन्यात. खाले बठन्यात, कातर लिधी नी कापाले लागन्यात."

मला खरं वाटेना. किती वेळ?

"गठ्ठा संपे तवलोंग. मी सांगं, बाई, हाई काम तुम्हनं नही, ठेवा. त्या ऐकाले तयार नहीत. मंग साडीले भोक पाडी दिधं. एवढं." तिनं अंगठ्याचं नख दाखवलं. "मी रडाले लागनू, शेठले काय सांगू? तवय त्या पहिलांदा बोलन्यात. हाई साडी मन्ही, म्हने. किंमत मन्हा हातमा ठी दिधी, पेपरमा गुंडाळी नी चालन्या गयात."

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मुलीला पाठवलंत, मी तिला म्हटलं. एवढ्या कळवळ्यानं बाईंनी काम केलं म्हणून.

म्हातारी इतकी हसली की नातही हसायला लागली. "नही धाडती ते काय करती? त्या आखो येत्यात मदत कराले."

बाई, तुम्ही पुन्हा मदतीला याल या धास्तीनं तिनं मुलगी धाडली होती! मी खुर्चीत मागे टेकून हसले. मला वाटलं होतं तुमच्याकडे शब्द होते आणि ते तुम्ही मला दिले नाहीत. तुमच्याकडे शब्द नव्हते. पद पणाला लावून तुम्ही त्या खोलीत गेलात, सवयीप्रमाणे आधी बसलात, आणि पुढचं "मग बोल" तुम्हालाही सुचलं नाही. चेहरा लाल होता तो लाजेनं. निऱ्यांपाशी हात होता कारण भोक तिथं होतं. हे मला कळल्यापासून तुम्ही मला पूर्वीपेक्षा जास्त आवडायला लागला आहात, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायची माझी कधी टाप नव्हती.

उद्या त्या कलमावर मी सही करणार नाही. फाटकाला कुलूप असू दे, कॅमेरा असू दे, पण ओटला उघडा राहील, असं दुसरं कलम मी हातानं लिहिलंय. अध्यक्ष नवे आहेत, तरी प्रश्न तोच विचारतील, जबाबदार कोण. त्यापुढे माझ्याकडेही भाषण नाही. मी "मी" म्हणेन आणि बसून राहीन. ऐकतील का, माहीत नाही. म्हातारी मात्र सोमवारी येणार आहे, नात आणि पिशवी घेऊन.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या भाचीनं कपाट उघडून आम्हाला एकेक साडी घ्या म्हटलं होतं. ती गुलबक्षी वरच होती. मी ती बाजूला सारली आणि खालची करडी सुती घेतली, कारण तीच तुमची वाटली. गुलबक्षी सेविकेनं नेली, आणि ती कुठं गेली याची मी कधी चौकशी केली नाही. हे पत्र त्या करड्या साडीच्या घडीत ठेवून कपाट लावते. उद्या नेसायला मला ती दुसरी हवी होती.